हातांचा हस्तक्षेप

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खांद्यामागून फिरून आलेला लांब फटका आणि आभाळात दिसेनासा होणारा पांढरा चेंडू उभा राहतो. खेळाचा हिशेब मात्र निराळा आहे. १८ होलची फेरी चांगल्या खेळाडूने साधारण ७२ फटक्यांत संपवावी असे गृहीत धरतात. त्यातले ३६ फटके, म्हणजे दर होलमागे दोन, हे भोकाभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर चेंडू नुसता घरंगळवण्यासाठी धरलेले असतात. या घरंगळवण्याला ‘पट’ म्हणतात आणि ज्या आखूड, चपट्या तोंडाच्या काठीने तो मारायचा तिला ‘पटर’. पट मारायला ताकद लागत नाही, धावावे लागत नाही. चेंडू स्थिर, खेळाडू स्थिर, समोर गोलंदाज नाही. इतका बिनधोक फटका दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असे वाटत नाही.

आणि तरीही १९८३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल बर्कडेलच्या मैदानावर, अमेरिकेचा हेल अर्विन तो चुकला. तिसऱ्या दिवशी त्याचा चेंडू भोकाच्या काठाशी, इंच-दोन इंचांवर थांबला होता. त्याने पुढे होऊन सहज, एका उलट्या हाताने तो ढकलायला पटर फिरवला. पटर जमिनीला घासला आणि चेंडूवरून निघून गेला. मारण्याचा हेतू होता म्हणून फटका मोजला गेला. दुसऱ्या दिवशी टॉम वॉटसनने स्पर्धा जिंकली, अर्विनपेक्षा एका फटक्याने.

अर्विनचा प्रकार निष्काळजीपणाचा म्हणून सोडून देता येईल. पण पूर्ण काळजी घेऊनही पट चुकतात, आणि ते का चुकतात हे आधी भूमितीतच शोधावे लागते. भोकाचा व्यास ४.२५ इंच, हे माप १८९१ साली नियमात कायम झाले. चेंडूचा व्यास निदान १.६८ इंच. चेंडूचा मध्यबिंदू भोकाच्या कडेच्या आत राहिला तर, वेग अगदी मंद असल्यास, चेंडू पडतो. आता ८ फुटांवरून सरळ सपाट पट मारायचा असेल तर दिशेत दोन्ही बाजूंना चुकायची मुभा किती? सुमारे सव्वा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा बारा-तेरा सेकंदांत सरकतो तेवढाच हा कोन. २० फुटांवरून ही मुभा अर्ध्या अंशावर येते. वेग वाढला की ती आणखी आकसते, कारण भोक ओलांडून जाण्याआधी चेंडूला खाली पडायला वेळ मिळाला पाहिजे. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हे गणित मांडले. अगदी मधोमध येणारा चेंडूसुद्धा सेकंदाला साधारण १.६३ मीटरपेक्षा वेगात असेल तर पलीकडची कड ओलांडून जातो.

म्हणूनच ८ फुटांवरून जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडूही दोनांत एकच पट घालू शकतात. २० फुटांवरून शंभरातले पंधरा. ४ फुटांवरून मात्र दहातले जवळजवळ नऊ, आणि म्हणूनच तो उरलेला दहावा पट जन्मभर लक्षात राहतो. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीला हे कोणी सांगायला नको. २०१५ च्या प्रेसिडेंट्स चषकात, कोरियात, शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर त्याचा चेंडू साधारण तेवढ्याच अंतरावर होता. प्रतिस्पर्धी ख्रिस कर्कने आधी १५ फुटांचा पट घातला. लाहिरीचा चेंडू काठाला वळसा घालून बाहेर राहिला. तो पडला असता तर सामना बरोबरीत सुटून अर्धा गुण पदरात आला असता. अमेरिकेने चषक जिंकला तो १५½ विरुद्ध १४½ असा.

चेंडू कुठल्या दिशेने निघेल हे दोन गोष्टींवर ठरते. पटर कुठल्या रेषेत हलतो आहे, आणि चेंडूला टेकण्याच्या क्षणी त्याचे तोंड कुठे वळले आहे. बरीच वर्षे शिकवणाऱ्यांचा सगळा भर रेषेवर असे. नासात काम केलेला डेव्ह पेल्झ गोल्फकडे वळला आणि त्याने यंत्रावर पटर बसवून मोजणी केली, तेव्हा निघाले ते उलटेच. दिशेचा सुमारे ८३ टक्के भाग पटरच्या तोंडावर अवलंबून असतो, रेषेवर उरलेला १७ टक्के. नंतरच्या मोजण्यांत तोंडाचा वाटा याहूनही मोठा दिसला. आता हे तोंड फिरवते कोण? मनगट आणि बोटे. म्हणजे पकडीचा प्रश्न हा हातांनी काय करावे याचा नसून, हातांना काय करू देऊ नये याचा आहे. माझ्या मते पटिंगविषयी जे काही लिहिले-शिकवले गेले आहे, ते सारे या एका वाक्याभोवती फिरते.

उजव्या हाताच्या खेळाडूची रूढ पकड पाहू. लांब फटक्यात दांडा बोटांत धरतात, कारण तिथे मनगट मोडायला हवे असते. पटमध्ये तो तळव्यातून, आयुष्यरेषेच्या कडेने तिरका वर जातो. त्यामुळे दांडा आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येतात आणि मनगट आपोआप बांधले जाते. दोन्ही तळवे नमस्कारात असावेत तसे समोरासमोर, मध्ये दांडा. दोन्ही अंगठे दांड्याच्या वरच्या सपाट बाजूवर सरळ. अशी सपाट बाजू ठेवायची परवानगी नियमांनी फक्त पटरलाच दिली आहे. शेवटी डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवरून खाली सोडायची. लांब फटक्यात उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर बसते. इथे ते उलटे झाले, म्हणून हिला उलटी पकड म्हणतात. ही वरून आडवी पडलेली तर्जनी डाव्या मनगटाला मागे मोडू देत नाही. दाब हलका ठेवावा हे सगळेच सांगतात. पण हलकेपणापेक्षा मोलाचे आहे ते दाब शेवटपर्यंत न बदलणे. चेंडूजवळ येताना बोटे नकळत आवळली की तोंड वळलेच.

मग फटका मारायचा कशाने? खांद्यांनी. दोन खांदे आणि हात मिळून जो त्रिकोण होतो तो तसाच ठेवून लंबकासारखा झुलवायचा. पटर मागे नेण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात तो परत येऊन चेंडूला टेकतो. पट लहान असो वा मोठा, कसलेल्या खेळाडूंत हे प्रमाण फारसे हलत नाही. लांब जायचे तर झोका मोठा, जवळ जायचे तर लहान. नवखा माणूस झोका नेहमी तेवढाच ठेवतो आणि शेवटच्या क्षणी मनगटाने जोर कमी-जास्त करतो. तिथेच अंतर आणि दिशा दोन्ही हातची जातात.

याचे आणखी एक कारण चेंडूच्या चालीत आहे. कॅरमचा स्ट्रायकर सुटल्यापासून थांबेपर्यंत घसरतच जातो. गोल्फचा चेंडू आधी थोडा घसरतो, मग गवताच्या घर्षणाने लोळू लागतो. घसरणे संपून निखळ लोळणे सुरू होते तेव्हा मूळ वेगाचा ५/७ भाग उरलेला असतो. पटरचे तोंड तीन-चार अंश वर कललेले असते ते गवतात किंचित रुतलेल्या चेंडूला बाहेर काढण्यासाठी. मनगटाने उचल दिली की हा कल वाढतो, चेंडू उडी मारतो, घसरण लांबते आणि दर वेळी वेगळी होते.

पण मग पूर्वीचे मोठमोठे खेळाडू मनगटाने कसे मारत होते? अर्नोल्ड पामर गुडघे जुळवून, वाकून, मनगटाच्या टिचकीने पट मारी आणि सात मोठ्या स्पर्धा जिंकला. याचे उत्तर खेळाडूंत नाही, गवतात आहे. त्या काळच्या हिरवळी दाट आणि संथ होत्या. चेंडूला धक्का द्यावाच लागे, आणि मनगट हा धक्क्याचा सोपा उगम. १९३५ ची यू. एस. ओपन ओकमाँटला झाली. तिथल्या हिरवळीचा वेग पाहून एडवर्ड स्टिम्पसन याने वेग मोजणारी खाच असलेली एक साधी पट्टी बनवली. पट्टी हळूहळू उचलायची, ठरावीक कोनाला चेंडू खाचेतून सुटतो. तो सपाट हिरवळीवर किती फूट लोळला तो तिचा वेग. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९७८ मध्ये हे साधन मैदानांच्या हाती दिले. हेतू होता सगळ्या हिरवळी एकसारख्या ठेवण्याचा. झाली ती चढाओढ. मोजता येऊ लागले ते वाढवण्याचा मोह कोणाला आवरतो! गवत आणखी खाली कापले जाऊ लागले. वेगवान हिरवळीवर फटका इतका छोटा झाला की मनगटाची टिचकी उपयोगाची राहिली नाही, धोक्याची झाली.

आजच्या साऱ्या चमत्कारिक पकडींमागे हाच धोका आहे. डावा हात उजव्याच्या खाली ठेवण्याची पकड जॉर्डन स्पीथने २०१५ च्या मास्टर्समध्ये घराघरांत पोहोचवली. तिने खांदे समपातळीत येतात आणि डावे मनगट मोडायला जागा उरत नाही. दुसरी ‘पंजा’ पकड. डावा हात नेहमीसारखा. उजवा मात्र दांड्यावर फक्त टेकवलेला, पेन धरावे तसा अंगठा आणि बोटांच्या टोकांत. ख्रिस डिमार्कोमुळे ती लोकांसमोर आली, आणि सुरुवातीला तिला हसणाऱ्यांपैकी अनेकांनी पुढे ती निमूटपणे स्वीकारली. कुठली पकड सर्वांत चांगली, हा वाद मला व्यर्थ वाटतो. खरी परीक्षा घरच्या सतरंजीवरही घेता येते. चेंडूपुढे १ फुटावर दोन नाणी अशी ठेवा की मध्ये २.२ इंचांचे फाटक राहील. नाण्यांना न शिवता जो चेंडू पार जातो, तो ८ फुटांवरच्या भोकात मावण्याइतका सरळ आहे. वेगवेगळ्या पकडींनी पन्नास-पन्नास चेंडू मारून मोजदाद ठेवावी. आपले हात कशाने गप्प बसतात ते आकड्यांतून कळते.

हे सारे शहाण्या हातांचे झाले. काही हात शहाणपणाच्या पलीकडे जातात. तीस-चाळीस वर्षे बिनचूक चाललेला हात एके दिवशी दोन फुटांच्या पटवर झटका देतो. मग रोज देतो. स्कॉटिश-अमेरिकन खेळाडू टॉमी आर्मर याने या व्याधीला ‘यिप्स’ हे नाव रूढ केले. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तिचे दोन प्रकार मांडले. एक निव्वळ धास्तीचा. दुसरा मज्जासंस्थेचा, म्हणजे वर्षानुवर्षे एकच बारीक हालचाल करणाऱ्या स्नायूंचा ताबा सुटणे. वादकांना होतो तोच, आणि लेखकांना पेन हातात घेताच बोटे आखडण्याचा जो विकार होतो त्याच्याच कुळातला. आपल्यापैकी जे अजून हाताने लिहितात त्यांना तो अगदी परका नसावा.

धास्तीच्या प्रकारावर मानसशास्त्राने थोडा उजेड टाकला आहे. सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनुभवी गोल्फपटूंना फटका मारताना स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, तर ते बिघडले; दुसऱ्याच कामात मन गुंतवले तर ठीक खेळले. नवख्यांचे उलट होते. कॅल्गरीच्या जोन व्हिकर्सने १९९२ मध्ये डोळ्यांचा माग घेतला. उत्तम पटर मारणाऱ्यांची नजर फटक्याआधीपासून चेंडूवर सुमारे दोन सेकंद खिळलेली असते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते. इतरांची भिरभिरते. म्हणून पकडीचा विचार सरावातच संपवावा. हिरवळीवर उभे राहिल्यावर डोळ्यांना काम द्यावे, हातांना नाही.

मज्जासंस्थेच्या विकाराला मात्र असा तोडगा पुरत नाही. तिथे हालचालच बदलावी लागते, जेणेकरून मेंदूची ती बिघडलेली वाट टाळता येईल. सॅम स्नीडने पायांच्या मध्ये चेंडू घेऊन क्रोकेसारखा पटर झुलवायला सुरुवात केली. १९६८ पासून नियमाने त्यावर बंदी आली. मग लांब दांड्याचे पटर आले. त्यांचे टोक पोटाला वा छातीला टेकवले की ते टोक खिळ्यासारखे स्थिर होते आणि हाताची थरथर चेंडूपर्यंत पोहोचत नाही. २०११ ते २०१३ या काळात अशा पटरने चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या, आणि १ जानेवारी २०१६ पासून शरीराला टेकवण्यावर बंदी आली. काठी मोकळी फिरली पाहिजे, हात थरथरण्याची शक्यता हाही खेळाचाच भाग आहे, असा तिच्यामागचा विचार. तो मला पटतो. पण ज्याच्या हाताला विकार आहे त्याच्यापाशी तो बोलून दाखवायला जड जाईल.

जर्मनीचा बर्नहार्ड लांगर या विकारातून एकदा नव्हे, अनेकदा गेला. १९९१ च्या रायडर चषकाचा शेवटचा ६ फुटांचा पट त्याचा चुकला आणि चषक गेला. तेव्हा तो डाव्या हाताला दांडा चिकटवून, वरून उजव्या हाताने हात आणि दांडा दोन्ही एकत्र आवळून पट मारत असे. मोडलेल्या हाताला फळी बांधावी तसे ते दिसे. याच पकडीने १९९३ चे मास्टर्स त्याने जिंकले. ती पकडही बिघडली तेव्हा लांब पटर घेतला, आणि टेकवण्यावर बंदी आल्यावर तोच पटर छातीपासून दूर धरून पुन्हा शिकला. २०२३ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याने अमेरिकेची सीनियर ओपन जिंकली. ज्येष्ठांच्या व्यावसायिक मालिकेतला हा त्याचा ४६ वा विजय. आधीचा ४५ विजयांचा विक्रम हेल अर्विनच्या नावावर होता.