शिंगं की शेपटी?

सकाळचे साडेसात. शनिवार पेठेतल्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात चहा उकळतोय, वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत येतोय. बाहेरच्या बाकड्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दोन मुलं बसलीत. एकाच्या मांडीवर इंग्रजी वाक्प्रचारांची झेरॉक्स आहे, तिच्या कोपऱ्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग. तो विचारतोय, दुसरा डोळे मिटून उत्तरं देतोय.

“संकटाला थेट भिडणे?”

“टेक द बुल बाय द टेल.”

“टेल नाही रे, हॉर्न्स! शिंगं!”

“शिंगं धरून बैल हलतो होय? आमच्याकडं शेपटीच पिरगाळावी लागती.”

चहा गाळता गाळता मामा खो खो हसतात. मलाही हसू आवरत नाही. शब्द चुकलाय, पण औत हाकलेल्या माणसाचं ते उत्तर आहे.

“रात्र जागून अभ्यास करणे?”

“बर्न द मिडनाइट कँडल.”

मध्यरात्री जळतं ते तेल, दोन्ही टोकांनी जळते ती मेणबत्ती. याच्या तोंडी दोन्हींची भेळ झालीय. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचीही अशी गफलत होते. तिला ‘मॅलाफर’ हे नाव लॉरेन्स हॅरिसन यांनी १९७६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधल्या लेखात दिलं.

“वेळ येईल तेव्हा बघू?”

“वी विल बर्न द ब्रिज व्हेन वी कम टू इट.”

“अरे, ओलांडायचाय तो! जाळतोस काय?”

१९२३ पासून उभा असलेला दगडी नवा पूल इथून हाकेच्या अंतरावर आहे. मामा तिकडं बोट दाखवतात, “तेवढा ठेवा रे बाबांनो!” मग हळूच विचारतात, “बरं, ‘ध चा मा’ करणे?”

दोघंही एका दमात सांगू लागतात: आनंदीबाई, चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’, गारदी, नारायणराव पेशव्यांचा खून, ३० ऑगस्ट १७७३. कुठंही अडखळणं नाही. चिठ्ठीची ती गोष्ट दंतकथा असेलही, पण शनिवारवाडा रोज डोळ्यांपुढं आहे.

शिकवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: नुसत्या याद्या पाठ करून घेऊ नका, वाक्प्रचार गोष्टीसकट शिकवा. वीज नव्हती तेव्हा रात्रीच्या अभ्यासाला दिव्यात तेल जळायचं, एवढं एकदा सांगा. मेणबत्ती पुन्हा मध्ये येणार नाही.