खारीचे पिल्लू सापडले? दूध पाजण्याआधी हे वाचा

पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी सुरू झाली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. तळहातावर डोळे मिटलेले गुलाबी पिल्लू आणि खाली प्रश्न : "खारीचे पिल्लू सापडले आहे, काय खायला देऊ?" लगेच उत्तरे येतात. कापसाच्या बोळ्याने दूध पाजा, बिस्कीट भिजवून द्या. काही वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू गेले. चूक कुठे झाली, हे पुढे एका वन्यजीव उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून गेलो तेव्हा कळले.

मित्रांनो, त्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे : काहीही देऊ नका. अंगावर केस नसलेले पिल्लू स्वतःचे शरीर गरम ठेवू शकत नाही. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात गेलेले अन्न पचत नाही. म्हणून आधी ऊब. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ सुती कापड घाला, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते, पोट फुगते. शिवाय उताणे धरून पाजले की दूध फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. प्रेमापोटी मेलेली पिल्ले केंद्रात येणाऱ्यांना नवी नाहीत.

दुसरी गोष्ट, ते पिल्लू खरेच अनाथ आहे का? माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. खार पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. पिल्लू ठणठणीत असेल तर खोके उघडे ठेवून त्याच झाडाजवळ, मांजर-कावळ्यांपासून जपून, काही तास लांबून लक्ष ठेवा. खार दिवसा हिंडणारी आहे, रात्री वाट पाहण्यात अर्थ नाही. मांजराच्या तोंडातून सुटलेले पिल्लू मात्र जखम दिसत नसली तरी लगेच उपचाराला न्यावे. दातांच्या बारीक भोकांतून झालेला जंतुसंसर्ग जीव घेतो.

वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट हे काम करते. "आम्हीच वाढवू" म्हणून घरी ठेवू नका. खार पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. खांद्यावर खार बसवून रील बनवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

आता स्वयंसेवकाचे काम. पहिल्या दिवशी कुणी हातात पिल्लू देत नाही. पिंजरे घासणे, सिरिंज उकळणे, जुनी कापडे धुणे, वहीत नोंदी करणे, यातच सुरुवातीचे दिवस जातात. पुढे पाजायला शिकवतात : एक मिलीची सिरिंज, पिल्लू उभे धरलेले, थेंबाथेंबाने. पाजल्यावर ओल्या कापसाने हलके पुसून लघवी करवावी लागते, कारण आई चाटून करवते ते काम लहान पिल्लाला स्वतः जमत नाही. रोज वजन. दोन-चार ग्रॅम कमी भरले तरी डॉक्टरांना सांगायचे. हातमोजे घालायचे, चावले तर जखम साबणाने धुऊन दवाखान्यात जायचे.

सगळ्यात अवघड नियम म्हणजे लाड करायचे नाहीत. नाव ठेवायचे नाही, उगाच बोलायचे नाही. अनाथ पिल्ले एकत्र वाढवतात, म्हणजे ती एकमेकांकडून खार व्हायला शिकतात. माणसाला न घाबरणारी खार बाहेर सोडली की कुत्र्या-मांजरापुढे टिकत नाही. करुणेला प्रज्ञेची जोड हवी, हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. मला ते त्या पिंजऱ्यापुढे गप्प बसताना जास्त समजले.

एक व्यवहाराची बाब. लहान पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, त्यामुळे "रविवारी वेळ मिळाला तर येतो" हे इथे चालत नाही. एकट्याला झेपत नसेल तर वस्तीतल्या चार-पाच जणांनी मिळून केंद्राशी बोलावे, वार वाटून घ्यावेत आणि ठरलेल्या वारी न चुकता जावे. सामान द्यायचे असेल तर खाऊ नको, जुन्या सुती चादरी न्या. त्या कायम कमी पडतात.