शिलाई थांबली, मोटर थांबली का?

अंबरनाथला आमच्या गटात उल्हासनगरच्या जीन्सची शिलाई येते. मजुरी नगावर, विजेचं बिल मात्र आपलंच. जुन्या क्लच मोटरवर पाय उचलला की सुई थांबते, मोटर फिरतच राहते. बॉबीन बदला, फोन घ्या, ती वीज खातेच. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते. पंख्याच्या जुन्या डबा रेग्युलेटरचीही तीच गत: पंखा हळू केला, तरी उरलेली वीज डबा तापवण्यात जाते! खात्री करायची तर घरातलं बाकी सगळं बंद करा, शिलाई मशीन नुसतं चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. आमच्याकडे तो लुकलुकत होता. मग गटाच्या कर्जातून पहिली मोटर बदलली, जिच्याकडे काम सर्वात जास्त तिची.