एकतारीवरचा पंक: विलास घोगरे

मागच्या वेळी पंकवर बोललो, त्यावर प्रश्न आला, "आपल्याकडं असं कुणी होतं का?" होतं ना.

पंकचं गणित साधं. 1976च्या आसपास लंडनची पोरं म्हणाली, तीन कॉर्ड आले की बास, बँड काढा. आपल्याकडं विलास घोगरेंनी तेवढेही कॉर्ड वापरले नाहीत. एकतारी धरायचे. तार एकच सूर धरून ठेवते, बाकी सगळा भार गळ्यावर अन् शब्दांवर. गाणाऱ्यानं ओळ टाकायची, कोरसनं उचलायची. दुसऱ्या वेळेला समोरची गर्दीच म्हणायला लागते. तिकीट नाही, स्टेज नाही.

घोगरे मुंबईत मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे. डाव्या विचारांच्या आव्हान नाट्य मंचात गायचे. आनंद पटवर्धन यांच्या 1985च्या 'हमारा शहर' या डॉक्युमेंटरीत ते दिसतात. विषय झोपड्या पाडण्याचा, अन् गाणारा माणूस स्वतः झोपडीतला. पुढं त्याच डाव्या वर्तुळानं त्यांना बाहेर काढलं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आयुष्यभर ज्यांची गाणी गायली, त्यांनीच दार लावलं.

11 जुलै 1997. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलानं गोळीबार केला, 10 जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी स्वतःचं जीवन संपवलं. डोक्याला निळी पट्टी होती, अन् मागं ठेवलेला संदेश आंबेडकरी ऐक्याचा होता. वर्गाची भाषा गाणारा माणूस शेवटी जातीच्या प्रश्नापाशी का आला? पटवर्धन हाच प्रश्न घेऊन 14 वर्षं कॅमेरा घेऊन फिरले, त्यातून 2011ला 'जय भीम कॉम्रेड' आली. त्यात पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरंही आहेत. त्यातल्या काहींना पुढं खरंच भूमिगत व्हावं लागलं. 'अंडरग्राउंड' हा शब्द आपण बँडसाठी किती सहज वापरतो बघा!

एक कॅमेरा चालू होता म्हणून घोगरेंचा आवाज आज ऐकता येतो. आपल्या नांदेड जिल्ह्यात जयंतीला गाणारे कितीतरी म्हातारे शाहीर आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग कुठंच नाही. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. येत्या जयंतीला डीजेपासून जरा लांब, त्यांच्याजवळ जाऊन बसा अन् रेकॉर्डचं बटण दाबा. फक्त आधी विचारून घ्या.