मर्जीतला माणूस आणि रिकामी तिजोरी
राजाचा अधिकार देवदत्त आहे, असे इंग्लंडचा पहिला जेम्स ठासून सांगे. पैशासाठी मात्र पार्लमेंटपुढे हात पसरावा लागे. काही जुने हक्क सोडून वर्षाला २ लाख पौंड घेण्याचा १६१०चा सौदा फिसकटला. मग १६११ मध्ये ‘बॅरोनेट’ हा नवा किताब चक्क विक्रीला निघाला. किंमत १,०९५ पौंड, म्हणजे आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या ३० शिपायांचा तीन वर्षांचा खर्च!

दरबारात काम व्हायचे तर जॉर्ज व्हिलियर्सची मर्जी हवी. साध्या जमीनदाराचा हा देखणा मुलगा १६२३ मध्ये बकिंगहॅमचा ड्यूक झाला. नवल असे, की जेम्सचा हा लाडका त्याचा मुलगा आणि पुढचा राजा चार्ल्स यालाही तितकाच प्रिय. १६२६ मध्ये पार्लमेंटने ड्यूकवर महाभियोग आणला, तेव्हा चार्ल्सने पार्लमेंटच बरखास्त केले आणि प्रजेकडून सक्तीचे कर्ज वसूल केले. १६२८ मध्ये पोर्ट्समथला ड्यूकचा खून झाला. लंडनमध्ये अनेकांनी उघड आनंद साजरा केला.