व्हीएमच्या आत व्हीएम सुरू होत नाही?
लिनक्सवर केव्हीएम वापरत असाल, तर आधी होस्टवर मॉड्यूलचा 'नेस्टेड' पॅरामीटर बघा; उत्तर 'वाय' किंवा 1 यायला हवं. इंटेलवर कर्नल 4.20 पासून तो मुळातच चालू असतो, त्यामुळे खरी गोची बहुधा सीपीयू मॉडेलमध्ये असते. बाहेरच्या व्हीएमला 'होस्ट-पासथ्रू' द्या, ती पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा (आतून नुसतं रीबूट करून भागत नाही) आणि तिच्यात 'एलएससीपीयू' चालवा. फ्लॅग्जमध्ये इंटेलवर 'व्हीएमएक्स', एएमडीवर 'एसव्हीएम' दिसायला हवं.

हायपर-व्हीवर आतली व्हीएम चालते, पण नेटवर्क मिळत नाही? बाहेरच्या व्हीएमच्या नेटवर्क अ‍ॅडॉप्टरवर मॅक अ‍ॅड्रेस स्पूफिंग चालू करा. वेग मात्र कमीच राहणार: आतल्या व्हीएमची प्रत्येक एक्झिट आधी सर्वांत बाहेरच्या हायपरव्हायझरकडे जाते.