धास्ती मोजता येते

चाकणच्या एमआयडीसीत सेफ्टी शूज दिवसभर पायात असतात. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल, तर बोटाला आलेला फोड दुखत नाही. घरी येऊन मोजा काढल्यावर त्यावर डाग दिसतो, तेव्हाच कळतं. अशा वेळी माणसाने दवाखाना गाठायला हवा. पण पुष्कळदा तो मोजा धुऊन वाळत घालतो. ओळखीतल्या कुणाचा तरी अंगठा कापावा लागलेला त्याला ठाऊक असतो.

पायाची संवेदना तपासायला दोन मिनिटं पुरतात. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारायचं, ‘लागतंय का?’ डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं, तीन महिन्यांची साखर यांच्याही तपासण्या ठरलेल्या आहेत. या सगळ्यामागची धास्ती मात्र फाइलमध्ये कुठेच नोंदली जात नाही.

ती नोंदता येते. 1995 साली मधुमेहाचा मनावरचा ताण मोजणारी 20 प्रश्नांची प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. पुढे गंभीर गुंतागुंत होईल ही काळजी, हा त्यातला एक प्रश्न. गुण 0 ते 100. 40 किंवा अधिक आले, तर ताण मोठा. 2005 मध्ये टाइप 1 मधुमेहींसाठी खास गुंतागुंतीच्या भीतीचीच मोजपट्टी आली. त्यात 15 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 45. 30 किंवा अधिक गुण आलेल्या माणसाशी निवांत बोलायला हवं.

हे प्रश्न मराठीत नुसते उतरवून भागणार नाही. ‘काळजी’, ‘भीती’ आणि ‘धास्ती’ एक नव्हेत. काळजी करणारा गोळ्या वेळेवर घेतो. धास्ती घेतलेला रिपोर्ट आणायलाच जात नाही. म्हणून भाषांतर इथल्याच रुग्णांवर तपासावं लागतं, वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवावे लागतात, तेही शेजारी घरचं कुणी नसताना. शिवाय भोसरी-चाकणच्या कंत्राटी कामगाराला डोळे जाण्याआधी काम जाण्याची भीती असू शकते. परदेशी प्रश्नावलीत ती सापडेलच असं नाही. इथे ती विचारलीच पाहिजे.

भीतीला उत्तर आहे, म्हणून हा खटाटोप. 1993 साली अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात, टाइप 1च्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. ‘पाय जाईल बरं का’ असं दटावण्यापेक्षा हा आकडा समजावून सांगणं केव्हाही चांगलं.

देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, डॉक्टरांनी साखरेच्या आकड्याशेजारी एक प्रश्न विचारावा: ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?’ त्यांनी नाही विचारलं, तर तुम्ही आपणहून सांगा. आणि जाताना मोजे काढून पाय दाखवा.